न विचारलेला प्रश्न : रमजानचे रोजे, मधुमेही रुग्ण आणि डॉक्टर

प्रस्तावना

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संबंधांची चर्चा बहुधा निदान, औषधे आणि शुल्क या तीन मुद्द्यांभोवती फिरते. परंतु रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा लक्षणांबरोबर आणखीही काही घेऊन येतो. आजार कशामुळे झाला याविषयीची त्याची समजूत, त्याला वाटणारी भीती आणि डॉक्टरांनी आपल्यासाठी काय करावे याविषयीची अपेक्षा. इंग्लंडमधील डेव्हिड पेंडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली डॉक्टर-रुग्ण भेटीवर जे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या कल्पना, चिंता आणि अपेक्षा जाणून घेणे हे डॉक्टरांच्या कामाचे अंगच मानले आहे. लक्षणे रुग्ण स्वतःहून सांगतो. बाकीच्या गोष्टी पुष्कळदा मनातच ठेवतो. मनात ठेवलेली अपेक्षा नाहीशी होत नाही. घरी गेल्यावर औषध घ्यायचे की नाही, केव्हा आणि किती घ्यायचे, हे तीच ठरवते.

मुस्लिम समाजातील मधुमेही रुग्ण आणि रमजानचे रोजे हे याचे ठळक उदाहरण आहे. समजा, शाबान महिन्यात पंचावन्न वर्षांची एक गृहिणी मुलाला घेऊन दवाखान्यात आली आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर रिपोर्ट पाहतात, साखर बरी आहे असे सांगतात, त्याच गोळ्या पुढे लिहून देतात आणि दोन महिन्यांनी यायला सांगतात. सगळे व्यवस्थित पार पडते. मात्र त्या दोन महिन्यांत संपूर्ण रमजान येऊन जाणार आहे. ती बाई रोजे ठेवणार, नाश्त्याबरोबरची गोळी सेहरीला घेणार आणि दुपारी चारच्या सुमारास स्वयंपाकघरात तिला दरदरून घाम सुटून हात थरथरू लागणार. या गोष्टीचा दवाखान्यात उल्लेखच झालेला नाही. तिने सांगितले नाही आणि डॉक्टरांनी विचारले नाही.

प्रश्न किती मोठा आहे?

या विषयावरील पहिला मोठा अभ्यास ‘एपिडायर’ या नावाने ओळखला जातो. तो २००१ साली तेरा देशांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश हे देश त्यात होते. बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून असे दिसून आले की, टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आणि टाइप १ असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्णांनी रमजानात किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. टाइप १ म्हणजे ज्यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, असा मधुमेह. त्यातील जवळपास निम्म्या लोकांनीही रोजे ठेवावेत, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

याच अभ्यासात, साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग टाइप १ च्या रुग्णांत सुमारे पावणेपाच पट आणि टाइप २ च्या रुग्णांत साडेसात पट वाढलेले आढळले. साखर अतिशय वाढून रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाणही टाइप २ मध्ये सुमारे पाचपट झाले होते. असे असूनही औषधांचे प्रमाण बदलून घेणारे रुग्ण निम्म्याहून कमी होते; गोळ्यांवर असलेल्यांमध्ये तर ते एक चतुर्थांशाच्या आसपास होते. याचा अर्थ, बहुसंख्य रुग्णांनी जेवणाची वेळ पूर्ण उलटी केली आणि औषध मात्र पूर्वीचेच चालू ठेवले.

आजारी माणसाला रोजातून सूट आहे, हे कुरआनच्या सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे आणि रुग्णांनाही ते ठाऊक असते. तरीही रोजे ठेवले जातात. घरातील सर्वजण पहाटे एकत्र उठतात आणि सूर्यास्ताला एका दस्तरखानावर बसतात. त्यातून एकट्याने बाजूला होणे सोपे नसते. दिवसा लेकी-सुनांसमोर जेवायचे कसे, हा संकोच असतो. वर्षभर आजारी म्हणून वागवली गेलेली व्यक्ती या एका महिन्यात इतरांच्या बरोबरीची होते, हेही कारण असते. या गोष्टी कोणत्याही चाचणीत दिसत नाहीत. त्या विचारल्यावरच कळतात.

डॉक्टरांचा अंदाज आणि रुग्णाची अपेक्षा

रुग्णाला काय हवे आहे याचा डॉक्टर अंदाज बांधत असतात आणि त्या अंदाजावर निर्णयही घेत असतात. याविषयी ऑस्ट्रेलियात कॉकबर्न आणि पिट यांनी केलेला आणि १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार बोलका आहे. औषध मिळावे अशी अपेक्षा असलेल्या रुग्णांना औषध लिहून मिळण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे तिप्पट होती. मात्र रुग्णाला औषध हवे आहे असे डॉक्टरांना वाटले, तर ती शक्यता दहापट होती. रुग्णाच्या प्रत्यक्ष अपेक्षेपेक्षा डॉक्टरांनी केलेला तिचा तर्क अधिक प्रभावी ठरला. आपल्याकडे ‘पेशंटला सुई हवीच असते’ किंवा ‘सलाइन लावल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही’ अशी विधाने सर्रास ऐकू येतात, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावयास हवे. ती कधी खरी असतात, कधी नसतात. पण त्या रुग्णाला प्रत्यक्ष विचारून ती क्वचितच केलेली असतात.

रोजांच्या बाबतीत हा तर्क दोन्ही बाजूंनी चुकतो. मुस्लिमेतर डॉक्टर पुष्कळदा असे गृहीत धरतात की, इतका आजार असताना रोजे ठेवणार नाहीतच. याउलट मुस्लिम डॉक्टर असे धरून चालतात की, या घरात तर सगळेच रोजे ठेवतात, त्यात विचारायचे काय? समानधर्मीय डॉक्टर आहेत म्हणून प्रश्न सुटला, असे मुळीच नाही. काही वेळा तर अशा डॉक्टरांसमोर ‘मला रोजे झेपत नाहीत’ हे सांगायला रुग्णाला अधिकच लाज वाटते.

हे मौन केवळ मुस्लिम समाजापुरते आहे असेही नाही. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटे आणि रताळी खाऊन राहणारे मधुमेही, चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, बेळगाव-निपाणीकडील जैन कुटुंबांत पर्युषणात निर्जळी उपवास करणारे रुग्ण, यांपैकी किती जण डॉक्टरांना आधी सांगतात? ‘उपवासाला चालते’ आणि ‘मधुमेहाला चालते’ या दोन भिन्न याद्या आहेत, हे त्यांनाही कोणी समजावून सांगितलेले नसते.

दिवसभरात शरीरात काय घडते

डॉक्टरांनी काय विचारावे हे समजण्यासाठी रोजाच्या दिवशी शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सेहरीत घेतलेले अन्न काही तास पुरते. त्यानंतर यकृत आपल्याजवळ साठवलेली साखर हळूहळू रक्तात सोडते. दुपारनंतर हा साठा कमी होऊ लागतो आणि शरीर चरबी वापरू लागते. निरोगी माणसाच्या शरीरात याच वेळी इन्सुलिनचे प्रमाण आपोआप उतरते, म्हणून त्याची साखर टिकून राहते.

मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र हे ओळखत नाहीत. ग्लायबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गटातील गोळ्या, पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवून घेतात. यांतील ग्लायबेनक्लामाइड हे जुने औषध दीर्घकाळ परिणाम करते, त्यामुळे रोजाच्या काळात ते टाळावे असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. बाहेरून टोचलेले इन्सुलिनही असेच काम करीत राहते. मेटफॉर्मिन या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोळीने एकटीने साखर खाली जाण्याचा धोका फारच कमी असतो. म्हणजे दोन रुग्णांच्या रिपोर्टवर साखर सारखीच असली, तरी त्यांच्या गोळ्या कोणत्या यावरून एकाचा रोजा बराचसा सुरक्षित आणि दुसऱ्याचा धोक्याचा ठरू शकतो. ‘मधुमेह असेल तर रोजा नको’ हे सरसकट वाक्य म्हणूनच अपुरे पडते.

सूर्यास्तानंतर चित्र उलटते. खजूर, सरबत, भजी, समोसे, हैदराबादेत हलीम आणि त्यावर पुन्हा रात्रीचे जेवण, यांमुळे साखर एकदम चढते. त्यातून चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. २०२२ साली तो जवळजवळ संपूर्ण एप्रिलभर होता. ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात दिवसभर पाण्याविना राहणे हा वेगळाच धोका आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत तो आणखी वाढतो.

‘करू नका’ आणि ‘तुमची मर्जी’

विषय निघालाच तर डॉक्टरांकडून सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. पहिले ‘रोजे अजिबात करायचे नाहीत’ आणि दुसरे ‘तुमची मर्जी, पण काही झाले तर आम्हाला सांगू नका’. पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात जबाबदारी झटकणे आहे. परिणाम मात्र एकच होतो. रुग्ण रोजे ठेवतो, ते लपवतो आणि औषधात स्वतःच फेरफार करतो. कोणी दुपारची गोळी सोडून देतो, कोणी तिन्ही वेळच्या गोळ्या इफ्तारला एकदम घेतो, कोणी इन्सुलिनच बंद करतो. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन पूर्ण बंद करणे प्राणघातक ठरू शकते.

काही रुग्ण मौलानांकडे जातात. मौलाना म्हणतात की, रोजाने नुकसान होईल की नाही हे जाणकार डॉक्टरांनी सांगावे. रुग्ण डॉक्टरांकडे येतो, तर डॉक्टर म्हणतात की, धर्माचे आम्हाला काय विचारता, मौलानांना विचारा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि रुग्ण मध्येच लटकतो. वस्तुतः धोका किती, हा वैद्यकीय प्रश्न डॉक्टरांचाच आहे आणि त्याचे उत्तर त्यांनी टाळता कामा नये.

आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने याच विषयाला वाहिलेल्या एका संस्थेच्या सहकार्याने २०१६ मध्ये एक मार्गदर्शिका काढली व २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. या कामात इजिप्तच्या मुफ्तींचे मतही घेण्यात आले. सुधारित आवृत्तीत रुग्णाला गुण देण्याची पद्धत आहे. मधुमेहाचा प्रकार, किती वर्षे झाली, कोणती औषधे, साखर खाली गेल्याचा पूर्वानुभव, मूत्रपिंड आणि हृदयाची स्थिती, वय, कामाचे स्वरूप, मागील रमजानचा अनुभव यांवरून बेरीज करायची. तीनपर्यंत गुण म्हणजे धोका कमी, साडेतीन ते सहा म्हणजे मध्यम आणि सहाच्या वर म्हणजे जास्त. गेल्या तीन महिन्यांत साखर गंभीररीत्या खाली गेलेले, साखर खाली गेल्याची जाणीवच न होणारे, डायलिसिसवर असलेले आणि इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर स्त्रिया यांना रोजा न ठेवण्याचाच सल्ला दिला जातो.

या मार्गदर्शिकेचे खरे शहाणपण पुढच्या पायरीत आहे. सल्ला देऊनही जास्त धोक्याचा रुग्ण रोजा ठेवणारच असेल, तर त्याला दारातून परत पाठवू नये; औषधांत बदल करून, वरचेवर साखर तपासायला लावून, रोजा केव्हा मोडायचा हे नीट शिकवून त्याची काळजी घ्यावी. डॉक्टरांना रुग्णाचा निर्णय पटलेला नाही, तरीही उपचार चालू राहतात. रुग्णाच्या अपेक्षेला प्रतिसाद देणे म्हणजे ती मान्य करणे, असा जो समज आहे तो येथे दूर होतो. अपेक्षा मोकळेपणाने ऐकून घेऊन तिला ‘नाही’ म्हणता येते. आणि ‘नाही’ म्हटल्यावरही रुग्णाला धरून ठेवता येते.

विचारावे कसे

डॉक्टरांची नेहमीची अडचण वेळेची असते आणि ती खोटी नाही. सदुसष्ट देशांतील माहिती एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात प्राथमिक आरोग्यसेवेतील भेटीची सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळली. भारताचा आकडा सुमारे दोन मिनिटे होता. ग्रामीण मध्य प्रदेशात शिकवून तयार केलेले रुग्ण पाठवून केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही भेट सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपासच होती. विचारायला हव्या त्या प्रश्नांपैकी व करायला हव्या त्या तपासण्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश झाल्या. अशा ओपीडीत रुग्णाला मोकळेपणाने बोलू दिले तर रांग संपायचीच नाही, असे डॉक्टरांना वाटते.

प्रत्यक्षात काय होते? अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, रुग्ण बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी अठरा सेकंदांत त्याला थांबवतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे २००२ साली याच्या उलट प्रयोग झाला. तेथील डॉक्टरांनी रुग्णाला न अडवता ऐकायचे ठरवले. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. दहापैकी जवळपास आठ जणांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले आणि ३३५ रुग्णांपैकी केवळ सात जण पाच मिनिटांहून अधिक बोलले. बाझेलची ओपीडी आणि आपल्या जिल्हा रुग्णालयाची ओपीडी यांत फरक आहे हे मान्य केले, तरी रुग्ण बोलू लागला की थांबतच नाही ही समजूत चुकीची आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

प्रश्नाच्या शब्दरचनेलाही महत्त्व आहे आणि भाषा शिकवणाऱ्यांना हा भाग विशेष रुचावा. अमेरिकेत जॉन हेरिटेज यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही डॉक्टरांना ‘आणखी काही आहे का?’ या अर्थाचा नकाराकडे झुकणारा इंग्रजी शब्द वापरायला सांगितला, तर काहींना ‘आणखीही काहीतरी असेल’ असे सुचवणारा शब्द. फरक एका शब्दाचा होता. दुसऱ्या शब्दाने रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या आणि भेटीची वेळ मात्र वाढली नाही. मराठीत हाच फरक ‘अजून काही?’ आणि ‘आणखी काय विचारायचं राहिलंय?’ यांत आहे. केसपेपरवर मान खाली घालून लिहिता लिहिता उच्चारलेल्या ‘अजून काही?’ला ‘नाही’ हेच उत्तर येणार.

रोजाविषयीही तसेच आहे. ‘रोजे वगैरे करत नाही ना?’ या प्रश्नाला रुग्ण ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण डॉक्टरांना तेच ऐकायचे आहे हे त्याला कळते. ‘मावशी, महिन्याभराने रमजान आहे. यंदा रोजांचं काय ठरवलंय? मागच्या वर्षी किती झाले, त्रास काय झाला?’ असे विचारले, की बाई मुलाकडे एकदा पाहते आणि मग बोलू लागते. मागच्या वर्षी विसाव्या रोजाला चक्कर आली होती, हे तेव्हा प्रथमच मुलालाही कळते. या एका वाक्यावर पुढचा सगळा उपचार अवलंबून असतो. भेटीत मुलगाच सगळी उत्तरे देत असेल, तर डॉक्टरांनी प्रश्न मुद्दाम आईकडे पाहून विचारणे श्रेयस्कर. बेळगाव भागात डॉक्टर कन्नडभाषक आणि रुग्ण मराठी किंवा दखनी बोलणारा असेल, तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण मधल्या माणसाने केलेल्या भाषांतरात अशा संकोचाच्या गोष्टी सर्वांत आधी गळतात.

भाषेचा आणखी एक धोका येथे नोंदवावासा आहे. मराठीत ‘उपवास सोडणे’ किंवा ‘रोजा सोडणे’ म्हणजे ठरलेल्या वेळी, इफ्तारला, तो पूर्ण करणे. डॉक्टरांनी ‘त्रास झाला तर रोजा सोडा’ असे सांगितले, तर रुग्ण ते मगरिबपर्यंत थांबून सोडण्याविषयी आहे असे समजू शकतो. ‘त्याच मिनिटाला रोजा मोडा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा’ असे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि सांगून झाल्यावर ‘समजलं ना?’ असे न विचारता ‘आता घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?’ असे विचारावे. ती जे सांगेल, तेवढेच तिला समजले आहे.

काय ठरवून द्यावे

ही भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हावी असा संकेत आहे, म्हणजे बदललेले औषध मानवते की नाही ते पाहायला वेळ मिळतो. औषधांचा बदल हा प्रत्येक रुग्णानुसार डॉक्टरांनीच करावयाचा असल्याने येथे फक्त दिशा सांगता येईल. सकाळची मुख्य मात्रा साधारणपणे इफ्तारकडे सरकते आणि सेहरीची मात्रा कमी होते. दिवसातून तीनदा मेटफॉर्मिन असेल तर दुपारची मात्रा इफ्तारच्या मात्रेत मिळवतात. इन्सुलिनचे प्रमाण बहुधा घटवावे लागते. सेहरी चुकवून रोजा ठेवू नये आणि सेहरी शक्य तितकी उशिरा, ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे यांसारखी सावकाश पचणारी असावी. तरावीहची नमाज हा त्या दिवसाचा व्यायामच धरावा.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, ३०० च्या वर गेली किंवा घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसली, तर रोजा मोडलाच पाहिजे. पण त्यासाठी दिवसा साखर तपासावी लागते आणि येथेच पुष्कळ रुग्ण अडतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढला तर रोजा तुटतो, अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही, हे मार्गदर्शिकेत स्पष्ट केलेले आहे. ज्या डॉक्टरला ही शंका ठाऊक आहे, तो ग्लुकोमीटर लिहून देतानाच तिचे निरसन करतो. ज्याला ठाऊक नाही, त्याने दिलेला ग्लुकोमीटर महिनाभर कपाटात राहतो.

दोन तासांचा वर्ग

हे सर्व काम एकट्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत करावे असे म्हणणे अव्यवहार्य आहे. लंडनमध्ये टाइप २ मधुमेहाच्या १११ मुस्लिम रुग्णांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उपयुक्त आहे. एका गटाला रमजानपूर्वी सुमारे दोन तासांचे शिक्षण देण्यात आले. त्यात आहार, हालचाल, साखर तपासणे, औषधे आणि रोजा केव्हा मोडायचा हे विषय होते. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. शिकलेल्या गटात साखर खाली जाण्याचे प्रसंग रमजानपूर्वीच्या नऊवरून रमजानात पाचवर आले. दुसऱ्या गटात ते नऊवरून छत्तीसवर गेले. शिकलेल्यांचे वजनही थोडे उतरले, इतरांचे थोडे वाढले. रुग्णसंख्या मोठी नसली तरी फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

असा वर्ग घेण्यास महागडी साधने लागत नाहीत. एखादी परिचारिका, एखादी आहारतज्ज्ञ, शक्य झाल्यास मोहल्ल्यातील एक आलिम आणि बसायला जागा, एवढे पुरेसे आहे. महाविद्यालयाचे सभागृह शाबान महिन्यातील एखाद्या रविवारी यासाठी सहज मिळू शकते. जेथे रुग्णसहायक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा औषधनिर्माण यांचे अभ्यासक्रम चालतात, तेथे विद्यार्थ्यांना संवादाचे प्रात्यक्षिक म्हणून हे काम देता येईल. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात एक तरी मधुमेही असतोच. वैद्यकीय महाविद्यालयांतही आता संवादकौशल्याला स्थान मिळाले आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र पाठ्यांश काढला व २०१९ च्या तुकडीपासून तो एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आला. त्याआधीच्या पिढीतील डॉक्टरांना मात्र हे कोणी वर्गात शिकवलेले नाही, आणि छोट्या शहरांतील बहुतेक दवाखाने आजही त्यांचेच आहेत.

ईदनंतर

बहुतेक दवाखान्यांत रमजान संपला की हा विषयही संपतो. वास्तविक ईदनंतरची भेट तितकीच गरजेची आहे. औषधे पूर्ववत करायची असतात. ते राहून गेले तर कमी केलेल्या मात्रेवर रुग्ण महिनोन् महिने राहतो आणि साखर चढत जाते. किती रोजे झाले, किती मोडावे लागले, कोणत्या वेळी त्रास झाला, ही माहिती याच वेळी केसपेपरवर लिहून ठेवली तर पुढच्या वर्षीचा निर्णय त्यावर घेता येतो. ज्या रुग्णाने डॉक्टरांचे ऐकून चार रोजे मोडले, त्याच्या मनात त्या चार रोजांचे ओझे असते. तो ते बोलून दाखवत नाही. त्याला असे सुचवता येते की, प्रकृती ठीक असेल तर राहिलेले रोजे डिसेंबर-जानेवारीत भरून काढता येतील. त्या दिवसांत ऊन नसते आणि ग्वाल्हेर-इंदूरकडे सूर्योदय ते सूर्यास्त हा दिवस जेमतेम साडेदहा-पावणेअकरा तासांचा असतो. ज्यांना ते कधीच शक्य होणार नाही, त्यांच्यासाठी फिदियाची तरतूद आहे. त्याचा तपशील आलिमांकडून घ्यावा, पण ‘यांना रोजा झेपणार नाही’ एवढी चिठ्ठी डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यावी.